वनस्पतिज तंतुप्रबलित प्लॅस्टिक संमिश्रांचे पुनर्चक्रीकरण

वनस्पतिज तंतुप्रबलित प्लॅस्टिक संमिश्रांचे पुनर्चक्रीकरण : ताग, जवस, भांग, अंबाडी, घायपात, काथ्या इ. वनस्पतींचे तंतू किंवा लाकडाचा भुसा मिसळून ज्यांचे बल व ताठरपणा वाढविलेला असतो, अशा प्लॅस्टिक द्रव्यांना वनस्पतिज तंतुप्रबलित प्लॅस्टिक संमिश्रे म्हणतात. या संमिश्रांच्या टाकाऊ वस्तूंपासून, तसेच वस्तू तयार करताना उरणाऱ्या कातरणापासून, पुन्हा उपयुक्त द्रव्य मिळविण्याच्या क्रियांचा समावेश त्यांच्या पुनर्चक्रीकरणात होतो.

तंतू वनस्पतिज असल्यामुळे ही संमिश्रे पर्यावरणास सर्वस्वी निरुपद्रवी असतात, असा समज पुष्कळदा आढळतो. तो अंशतःच खरा आहे. सुटा तंतू जमिनीत कुजून मातीत मिसळतो व सुटे प्लॅस्टिक वितळवून पुन्हा वापरता येते. परंतु दोन्ही एकत्र आल्यावर प्रत्येक घटक दुसऱ्याची परतीची वाट अडवितो. प्लॅस्टिकच्या वेष्टनामुळे तंतू कुजत नाही आणि तंतूमुळे प्लॅस्टिक हवे तितके तापविता येत नाही. वस्तू चांगली व्हावी म्हणून या दोहोंमधील बंध जितका पक्का करावा, तितके त्यांना अलग करणे अवघड होते. त्यामुळे अशा वस्तूचे पुनर्चक्रीकरण होईल की नाही, हे बहुतांशी ती तयार करताना निवडलेल्या द्रव्यांवर आणि टाकाऊ वस्तू वेगळ्या गोळा करण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

घटक द्रव्ये व गुणधर्म : संमिश्रातील प्लॅस्टिकला आधारद्रव्य म्हणतात. त्याचे दोन वर्ग आहेत. उष्णतेने मऊ होणारी व थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होणारी ती ऊष्मामृदू प्लॅस्टिके होत. उदा., पॉलिप्रोपिलीन, पॉलिएथिलीन. एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणारी ती ऊष्मादृढ प्लॅस्टिके होत. उदा., फिनॉलिक, एपॉक्सी व असंतृप्त पॉलिएस्टर रेझिने. पुनर्चक्रीकरणाच्या दृष्टीने हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे.

वनस्पतिज तंतू मुख्यत्वे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचे बनलेले असतात. तागात सेल्युलोज ६० ते ७०% असते, तर काथ्यात लिग्निनाचे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जाते. या तंतूंचे सापेक्ष घनत्व १·३ ते १·५ असून काचतंतूंचे सु. २·५ असते. बलाच्या बाबतीत काचतंतू सरस असले, तरी वजनाच्या मानाने पाहता जवस, भांग व ताग यांच्या तंतूंचा ताठरपणा काचतंतूंच्या जवळपास येतो. शिवाय ते स्वस्त असतात व यंत्रांची झीज कमी करतात.

पुनर्चक्रीकरणावर परिणाम करणाऱ्या तंतूंच्या मर्यादा दोन आहेत. पहिली तापमानाची. सु. २००° से.च्या वर हेमिसेल्युलोजाचे अपघटन सुरू होते, तंतू काळवंडतात, त्यांचे बल घटते व ॲसिटिक अम्लासारखी बाष्पे बाहेर पडतात. पॉलिएथिलीन सु. १३०° से.ला व पॉलिप्रोपिलीन सु. १६५° से.ला वितळत असल्याने ती या मर्यादेत बसतात. बाटल्यांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट मात्र २५०° से.च्या वर वितळते व म्हणून ते या कामी सामान्यतः उपयोगी पडत नाही. दुसरी मर्यादा पाण्याची. सेल्युलोज जलस्नेही असून तागाचा तंतू सर्वसाधारण दमट हवेत आपल्या वजनाच्या सु. १२ ते १३% पाणी धरून ठेवतो. पॉलिप्रोपिलीन जलविरोधी असल्याने दोहोंचा बंध मुळात कच्चा असतो. तो पक्का करण्यासाठी मॅलेइक अनहायड्राइडाची जोड दिलेले पॉलिप्रोपिलीन अल्प प्रमाणात मिसळतात. त्याचे एक टोक तंतूशी व दुसरे आधारद्रव्याशी जखडले जाते.

इतिहास : प्लॅस्टिकमध्ये वनस्पतिज द्रव्य मिसळण्याची प्रथा प्लॅस्टिक उद्योगाइतकीच जुनी आहे. लीओ बेकलंड यांनी १९०९ मध्ये एकस्व मिळविलेल्या बेकेलाइटामध्ये ठिसूळपणा कमी करण्यासाठी लाकडाचे पीठ घालीत असत. पूर्व जर्मनीत पोलादाच्या टंचाईमुळे फिनॉलिक रेझिन व कापसाचे टाकाऊ तंतू यांपासून ‘ड्युरोप्लास्ट’ हे संमिश्र बनविण्यात आले. त्स्विकाऊ येथे १९५७ ते १९९१ या काळात तयार झालेल्या सु. ३० लाख ट्राबांट मोटारगाड्यांचे बाह्य फलक या द्रव्याचे होते. भारतात १९७० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या साहाय्याने ताग व पॉलिएस्टर यांच्या संमिश्राचा बांधकामासाठी उपयोग करण्याचे प्रयोग झाले.

ऊष्मामृदू संमिश्रांचा प्रसार त्यानंतरचा आहे. इटलीत विकसित झालेल्या तंत्रानुसार अमेरिकेतील शेबॉयगन (विस्कॉन्सिन) येथे १९८३ मध्ये पॉलिप्रोपिलीन व लाकडाचे पीठ जवळजवळ समप्रमाणात मिसळून मोटारींच्या अंतर्भागासाठी तक्ते तयार होऊ लागले. १९९० नंतर यूरोपातील मोटार उद्योगाने दारांचे आतील फलक, सामानाच्या कप्प्याचे अस्तर इत्यादींसाठी जवस, भांग, ताग, घायपात व अंबाडी यांचे तंतू मोठ्या प्रमाणावर वापरण्यास प्रारंभ केला. याच सुमारास उत्तर अमेरिकेत लाकडाचा भुसा व पॉलिएथिलीन यांच्या फळ्या घराबाहेरील ओटे व कठडे यांसाठी लोकप्रिय झाल्या.

यांत्रिक पुनर्चक्रीकरण : ऊष्मामृदू संमिश्रांसाठी ही सर्वांत सोपी व स्वस्त पद्धत होय. टाकाऊ माल भरडून, धुऊन व वाळवून मळसूत्री बहिःसारक यंत्रात वितळवितात व त्याचे दाणे पाडतात. हे दाणे एकटे किंवा ताज्या द्रव्यात मिसळून पुन्हा साच्यात घालतात. येथे तंतू व प्लॅस्टिक अलग केले जात नाहीत, संमिश्रापासून पुन्हा संमिश्रच बनते. अशा प्रत्येक फेरीत तंतू, आधारद्रव्य आणि त्या दोहोंमधील बंध या तिन्हींत बदल होतात.

तंतू मळसूत्राच्या घर्षणाने तुटून आखूड होतात. संमिश्राचे बल तंतूच्या नुसत्या लांबीवर नव्हे, तर लांबी व व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. काचतंतू ठिसूळ असतो. तो आडवा तुटतो व त्याचा व्यास कायम राहतो. वनस्पतिज तंतू लवचिक असल्याने बराचसा वाकून जातो. शिवाय तो मुळात अनेक सूक्ष्म तंतूंची जुडी असतो आणि घर्षणाने ही जुडी उभी उकलते. उदा., ३ मिमी. लांब व ०·०६ मिमी. जाड अशा तागाच्या जुडीचे गुणोत्तर ५० असते. ती तुटून ०·६ मिमी. लांब राहिली आणि जाडी कायम राहिली, तर गुणोत्तर १० वर येईल. तीच जुडी उकलून ०·०२ मिमी. जाडीचे सुटे तंतू झाले, तर मात्र ते ३० राहील. यामुळे वनस्पतिज तंतूंची संमिश्रे काचतंतूंच्या संमिश्रांपेक्षा पुनर्प्रक्रियेत पुष्कळदा अधिक टिकाव धरतात. पहिल्या एकदोन फेऱ्यांत तंतू अधिक सारखे पसरल्याने गुणधर्म किंचित सुधारल्याचेही आढळते. पुढे मात्र तंतू इतके आखूड होतात की, ते प्रबलनाचे काम सोडून नुसत्या भरीचे काम करतात. ताठरपणा बराच काळ टिकतो, ताणबल व चिवटपणा आधी घटतात.

आधारद्रव्याचे बदल त्याच्या जातीनुसार भिन्न असतात. पॉलिप्रोपिलीनच्या लांब रेणुसाखळ्या उष्णता, घर्षण व ऑक्सिजन यांच्यामुळे तुटतात. परिणामी त्याची श्यानता कमी होते व ते अधिक पातळ वाहते. साचा भरण्यास हे सोयीचे असले, तरी वस्तू ठिसूळ होते. पॉलिएथिलीनमध्ये साखळ्या तुटण्याबरोबरच एकमेकींस जोडल्याही जातात व ते घट्ट होऊ लागते. या क्रियांना आळा घालण्यासाठी प्रतिऑक्सिडीकारके मिसळतात. बंध सैल झाला असल्यास पूर्वी उल्लेखिलेले जोडद्रव्य पुन्हा थोडे घालावे लागते.

ओलावा ही कायमची अडचण आहे. वापराच्या काळात तंतूंनी शोषलेले पाणी वितळण्याच्या वेळी वाफ होऊन द्रव्यात पोकळ्या पाडते, म्हणून दाणे प्रत्येक वेळी कसोशीने वाळवावे लागतात. याखेरीज लिग्निनामुळे रंग फेरीगणिक गडद होत जातो आणि जळकट वास येतो. मोटारीच्या बंद अंतर्भागात असा वास चालत नाही. म्हणून पुनर्चक्रित द्रव्य बहुधा झाकलेल्या भागांसाठी, मालवाहू फलाटिका, कुंड्या, फळ्या यांसारख्या वस्तूंसाठी वापरले जाते.

कारखान्यातील कातरण या पद्धतीस सर्वांत अनुकूल असते. दाराचा फलक करताना तंतू व पॉलिप्रोपिलीन यांची चटई तापवून दाबतात आणि कडा व छिद्रे कापून काढतात. हे तुकडे स्वच्छ, एकजिनसी व ज्ञात घटकांचे असल्याने ते भरडून लगेच वापरता येतात. वीस वर्षे वापरलेल्या मोटारीतून निघालेल्या त्याच फलकावर मात्र कापड, पॉलियुरेथेन फेस, गोंद व धातूच्या चापा चिकटलेल्या असतात. त्या काढण्यास लागणारी मजुरी परत मिळणाऱ्या द्रव्याच्या किंमतीपेक्षा अधिक होते. तंत्र उपलब्ध असूनही टाकाऊ वस्तूंचे पुनर्चक्रीकरण अल्प प्रमाणात होते याचे हे प्रमुख कारण आहे.

संकलन व वर्गवारी : मिश्र प्लॅस्टिक कचऱ्याची वर्गवारी करण्याची एक प्रचलित रीत म्हणजे भरडलेला माल पाण्यात टाकणे. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन तरंगतात. पॉलिव्हिनिल क्लोराइड व पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेट बुडतात. तंतूंच्या संमिश्रांनी ही सोपी रीत बिघडते. पॉलिप्रोपिलीनचे सापेक्ष घनत्व ०·९० व तागाचे १·४५ धरले, तर वजनाने २०% ताग असलेल्या संमिश्राचे घनत्व सु. ०·९७ येते व ते तरंगते. तागाचे प्रमाण ३०% केल्यास ते सु. १·०२ होते व संमिश्र बुडते. म्हणजे एकाच जातीची दोन संमिश्रे दोन वेगळ्या ढिगांत जातात आणि दोन्ही ठिकाणी ती उपद्रवीच ठरतात. तरंगलेले तुकडे शुद्ध पॉलिप्रोपिलीनमध्ये मिसळून यंत्राच्या गाळण्या तुंबवितात व पातळ पापुद्र्यांना भोके पाडतात. बुडालेले तुकडे बाटल्यांच्या प्लॅस्टिकबरोबर २५०° से.च्या वर तापून जळतात व त्यात काळे ठिपके उमटवितात. तेव्हा थोडी संमिश्रे चुकीच्या ठिकाणी गेल्यास ज्या प्लॅस्टिकचे पुनर्चक्रीकरण सुरळीत चालले आहे त्याचीही प्रत खालावते. निकट अवरक्त किरणांच्या परावर्तनावरून प्लॅस्टिकची जात ओळखणारी स्वयंचलित यंत्रे यावर काही अंशी उपाय आहेत, परंतु काजळीने काळे केलेले तुकडे त्यांना ओळखता येत नाहीत.

ऊष्मादृढ संमिश्रे : यांचे आधारद्रव्य वितळत नसल्याने वरील पद्धत त्यांना लागू पडत नाही. जर्मनीच्या एकीकरणानंतर (१९९०) लोकांनी ट्राबांट गाड्या मोठ्या संख्येने टाकून दिल्या, तेव्हा हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. गाडीचा पोलादी सांगाडा भट्टीत वितळविता येत होता, परंतु ड्युरोप्लास्टचे फलक वितळत नव्हते, गंजत नव्हते व कापसाचे तंतू असूनही कुजत नव्हते. उघड्यावर जाळल्यास त्यांतून विषारी धूर निघे. शेवटी त्यांचा चुरा करून तो बांधकामाच्या द्रव्यांत भर म्हणून वापरण्याचा मार्ग चोखाळण्यात आला. वनस्पतिज तंतू वापरल्याने वस्तू आपोआप नैसर्गिक होत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

आजही एपॉक्सी व पॉलिएस्टर यांच्या संमिश्रांचा मुख्यतः चुराच करतात. अलीकडे, विशिष्ट परिस्थितीत तुटू शकणाऱ्या बंधांची रेझिने विकसित झाली आहेत. त्यांपैकी काही एपॉक्सी रेझिने कोमट विरल अम्लात विरघळतात. त्यांतून तंतू बाहेर काढता येतात व रेझिनाचे ऊष्मामृदू द्रव्यात रूपांतर होते. ही रेझिने महाग असल्याने त्यांचा वापर अजून मर्यादित आहे.

जैव आधारद्रव्ये : मका, ऊस इत्यादींतील शर्करेपासून मिळणारे पॉलिलॅक्टिक अम्ल आधारद्रव्य म्हणून वापरल्यास संपूर्ण संमिश्र वनस्पतिज होते. त्याचा वितळबिंदू १५०°–१७०° से. असल्याने तंतूंना इजा होत नाही. परंतु ते साध्या जमिनीत लवकर कुजत नाही. त्यासाठी सु. ५८° से. तापमान व भरपूर ओलावा दीर्घकाळ राखणारे औद्योगिक खत-संयंत्र लागते. याउलट, पुन्हा वितळविताना तंतूंतील किंचित ओलावाही त्याच्या रेणुसाखळ्या तोडतो. म्हणजे कुजविण्यासाठी जो ओलावा हवा तोच पुनर्प्रक्रियेत घातक ठरतो. ते पॉलिएथिलीन टेरेप्थॅलेटाच्या कचऱ्यात मिसळल्यास त्याचीही प्रत बिघडते.

रासायनिक व औष्णिक पद्धती : तप्त झायलिनासारख्या विद्रावकात पॉलिप्रोपिलीन विरघळवून तंतू गाळून वेगळे करता येतात. प्रयोगशाळेत ही रीत उपयुक्त असली, तरी विद्रावक परत मिळविण्याचा खर्च, त्याची ज्वालाग्राहिता व विषारीपणा यांमुळे ती उद्योगात परवडत नाही. हवेच्या अभावी सु. ४००°–६००° से.पर्यंत तापवून अपघटन केल्यास प्लॅस्टिकपासून तेलासारखी हायड्रोकार्बने मिळतात. तथापि सेल्युलोजापासून पाणी व अम्लयुक्त ऑक्सिजनी संयुगे निघतात आणि तेलाची प्रत उतरते.

ज्वलनाने ऊर्जा मिळविणे हा शेवटचा पर्याय होय. येथे वनस्पतिज तंतूंचा एक फायदा स्पष्ट दिसतो. पॉलिप्रोपिलीनपासून दर किग्रॅ.ला सु. ४४ मेगॅजूल व कोरड्या तंतूपासून सु. १७ मेगॅजूल उष्णता मिळते. ३०% तंतू असलेल्या संमिश्रापासून ती सु. ३६ मेगॅजूल येते व राख अत्यल्प उरते. काचतंतूंचे तेवढेच प्रमाण असल्यास उष्णता सु. ३१ मेगॅजूल भरते व वजनाच्या ३०% काच मागे राहून ती भट्टीला त्रासदायक होते. तंतूंच्या ज्वलनाने निघणारा कार्बन वनस्पतीने हवेतूनच घेतलेला असतो. प्लॅस्टिकमधील कार्बन मात्र बहुधा खनिज तेलातील असतो. तसेच जाळलेले द्रव्य पुन्हा वापरता येत नाही, हे लक्षात घ्यावे लागते.

नियम व अभिकल्प : हा भेद कायद्यातही मानलेला आहे. यूरोपीय संघाने २००० साली निकामी वाहनांविषयी काढलेल्या निदेशानुसार २०१५ पासून वाहनाच्या सरासरी वजनापैकी ९५% भागाचा कोणत्या तरी रूपाने उपयोग व्हावा, परंतु त्यांतील किमान ८५% पुनर्वापर वा पुनर्चक्रीकरण असावे, असे ठरविण्यात आले. म्हणजे जाळून ऊर्जा मिळविण्यास जास्तीत जास्त १०% वाव राहिला. वाहनातील १०० ग्रॅ.पेक्षा जड प्लॅस्टिक भागांवर द्रव्याची व भरीची सांकेतिक खूण उमटविणेही तेथे आवश्यक करण्यात आले. खुणेमुळे मोडणी करणाऱ्यास भागातील तंतू ओळखता येतो व तो भाग वेगळा ठेवता येतो.

वस्तूची रचना करतानाच काही पथ्ये पाळल्यास पुनर्चक्रीकरण सुकर होते. आधारद्रव्य, अस्तर व फेस शक्यतो एकाच जातीच्या प्लॅस्टिकचे असावेत. गोंदाऐवजी सहज निघणारे खटके वापरावेत. आणि टाकाऊ माल परत घेण्याची व्यवस्था उत्पादकाने स्वतः करावी. उत्तर अमेरिकेतील फळ्यांचा उद्योग वेगळ्या कारणाने यशस्वी ठरला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ट्रेक्स या कंपनीसारख्या उत्पादकांनी वापरलेल्या पॉलिएथिलीनच्या पिशव्या व वेष्टने आणि सुतारकामातील भुसा हाच कच्चा माल म्हणून स्वीकारला. फळीसाठी फिकट रंग, उच्च बल किंवा पातळ जाडी यांची गरज नसल्याने कमी प्रतीचे द्रव्यही चालते. मात्र या फळ्या जुन्या झाल्यावर त्या गोळा करून परत आणण्याचा प्रश्न तेथेही उरतोच.

भारत : जगातील बहुतांश ताग भारत व बांगला देशात पिकतो आणि काथ्याच्या उत्पादनातही भारत अग्रेसर आहे. त्यामुळे या संमिश्रांना येथे कच्च्या मालाची वाण नाही. प्लॅस्टिक गोळा करण्याचे व निवडण्याचे काम मुख्यत्वे भंगार व्यवसायातील कामगार करतात. मुंबईतील धारावी येथे प्लॅस्टिकचे प्रकार हाताने निवडणे, भरडणे, धुणे व त्याचे दाणे पाडणे हा मोठा लघुउद्योग आहे. हे कामगार रंग, आवाज, तरंगणे, जळताना येणारा वास अशा खुणांवरून प्लॅस्टिकची जात ओळखतात. तंतू मिसळल्याने यांतील बहुतेक खुणा फसव्या होतात, म्हणून ठळक खूण उमटविण्याची गरज येथे यूरोपापेक्षाही अधिक आहे. निकामी वाहनांसंबंधीचे केंद्र शासनाचे नियम १ एप्रिल २०२५ पासून अंमलात आले. त्यांत उत्पादकांची जबाबदारी पोलादाच्या वजनावरून मोजलेली असल्याने प्लॅस्टिक संमिश्रांच्या पुनर्चक्रीकरणास त्यांपासून थेट चालना मिळत नाही. ताग व काथ्या यांचा नव्या उद्योगांत प्रसार होत असताना टाकाऊ मालाच्या परतीची व्यवस्था बरोबरीने झाली नाही, तर एरवी शेतात कुजून गेला असता असा तंतू प्लॅस्टिकमध्ये बंदिस्त होऊन कचऱ्यात भर घालील.

पहा : काचतंतू, काथ्या, घायपात, ताग, प्लॅस्टिके व उच्च बहुवारिके, सेल्युलोज.